उसाची आई अर्धं देत नाही

मी, इयान्थी ब्लॅकेट, कै. ओस्बर्न ब्लॅकेट यांची बायको, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार सेंट जॉर्ज, बार्बाडोस, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, मासे तळून झाल्यावर लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका कोणी काढू नयेत. याआधीची मृत्युपत्रे रद्द. दोन्ही रागात लिहिली होती. हे हसत लिहिते आहे.

कलम १. घर. माझे लाकडी घर दगडांवर टेकलेले आहे, उचलून कुठेही नेता येते. खालची जागाही माझीच. माझा मुलगा डार्नली रविवारी मोजायची फीत घेऊन आला आणि घराच्या मधोमध खडूची रेघ मारून गेला. अर्धे त्याचे, अर्धे माझी नात ओडेसाचे, कारण तिची आई, माझी मर्लीन, आता नाही. आपला अर्धा भाग तो करवतीने कापून नेणार आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पाहुण्यांसाठी भाड्याची बंगली बांधणार. उरलेल्या, एका बाजूला भिंतच नसलेल्या घरात ओडेसा कशी राहील, असे मी विचारले. म्हणाला, "आई, त्या परक्या बेटावरच्या रानटी माणसाची पोर ती. अर्धं मिळतंय तेच खूप झालं."

तर ऐका. मी ऊस पैदास केंद्रात जन्मभर उसाची लग्ने लावली. नवरी जातिवंत ऊस, जाडजूड, गोड, पण रोग आला की आडवी. नवरा रानऊस, काडीसारखा, बेचव, पण मरता मरत नाही. नवरीचा तुरा खाली, नवऱ्याचा वर, भोवती कापड, म्हणजे बाहेरचे पराग नकोत. केंद्रातले डॉक्टर रामलोगन एकदा म्हणाले, "इयान्थीबाई, सगळीकडे आई अर्धी गुणसूत्रं देते नि बाप अर्धी. या लग्नात बाप अर्धीच देतो, पण आई आपला अख्खा संच देऊन टाकते." मी इतकी हसले की पराग उडाले आणि मला बाहेर काढले. पुढे त्यांनीच सांगितले, या लग्नाच्या लेकरात एका कातडीत दोन घराणी नांदतात. काही तुकडे हरवतात, काही अदलाबदल करतात, काही गप्प बसतात. पण ऊस दोघांपेक्षा दणकट निघतो.

ओडेसाचा बाप कथबर्ट, सेंट व्हिन्सेंट बेटावरचा. त्याला मी तोंडावर रानऊस म्हणते. तो "बरं, सासूबाई" म्हणतो आणि आणखी वाढून घेतो. वादळात छप्पर उडाले तेव्हा डार्नलीने फोनवर हळहळ केली, कथबर्टने छप्पर बसवले.

म्हणून घर अख्खे आणि जागा अख्खी ओडेसाला. मी जातिवंत आहे.

कलम २. कोयता, हातोडी आणि विशेषतः करवत कथबर्टला.

कलम ३. नीरफणसाचे झाड शेजारीण मिसेस होल्डरला. फळे ती नेतेच आहे, आता पानेही तिनेच झाडावीत. मक्याच्या पिठाचे कुकू घोटायचा दांडाही तिलाच. तिच्या कुकूत गुठळ्या होतात, हे जिवंतपणी सांगून झाले आहे.

कलम ४. भिशीतले जे उरेल त्यातून माझ्या अंत्यविधीला काळा केक आणि रम. मोठ्याने रडणाऱ्यांना शेवटी वाढावे.

कलम ५. डार्नलीला शिकवले, बँकेत चिकटवले, त्याचा हिस्सा पोचला. आता काही नाही. तो गॉडार्डच्या दुकानात सांगत बसतो की म्हातारीचे डोके फिरले आहे, तिने काहीही लिहिले तरी कोर्टात टिकू देणार नाही. मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नाही. सही समोर व्हावी, मी शुद्धीत असल्याचे त्याने लिहून द्यावे, आणि मृत्युपत्रातून त्याला काहीही मिळणार नसावे.

असा माणूस घरचाच आहे. बाहेर गाडी धुतो आहे. त्याला वाटते आहे, आज खडूची रेघ पक्की होणार. त्याला हाक मारते, दुसरा साक्षीदार म्हणून गॉडार्ड आलाच आहे. डार्नलीपुढे शेवटचे पान तेवढे ठेवते.

ठिकाण: स्वयंपाकघर, सेंट जॉर्ज. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२२.

(सही) इयान्थी ब्लॅकेट

वरील सही आमच्या दोघांच्या समोर झाली. सही करताना इयान्थी ब्लॅकेट पूर्ण शुद्धीत असून त्यांचे डोके ठणठणीत आहे.

साक्षीदार:
१. डार्नली ब्लॅकेट, बँक अधिकारी. (सही)
२. व्हर्नन गॉडार्ड, दुकानदार. (सही. हसू आवरेना म्हणून वाकडी आली आहे, पण माझीच आहे.)