सुचण्याच्या खोलीत काही सुचत नाही

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पत्रातच घालतो. गाद्यांच्या कारखान्यातला माणूस प्रत्यक्ष आडवा झाला की लवकर उठत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? आवाज मात्र पूर्वीसारखाच खणखणीत असेल, अशी आशा आहे. का, ते पुढे येईलच.

तुला कळवायचं राहिलं, मला बढती मिळाली. आमच्याकडे गाद्या शिवतात वरच्या मजल्यावर आणि रचतात तळमजल्यावर. त्या पाठीवरून उतरवायच्या आम्ही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. एके दिवशी मी जिन्याच्या अर्ध्या रुंदीवर वरपासून खालपर्यंत गुळगुळीत पत्रा ठोकला आणि वरून नुसत्या गाद्या सोडू लागलो. सगळं सुरळीत चाललं होतं, पण आमचे हिशेबनीस (एकटेच तीन गाद्यांच्या वजनाचे) नेमके जिन्याच्या मध्यावर चहावर फुंकर घालत उभे राहिले. मागून गादी आली. ते तिच्यावर बसले, म्हणजे बसवले गेले, आणि थेट मालकांच्या दारात उतरले. माझी नोकरी गेली असं धरून मी डबासुद्धा पिशवीत भरला. पण मालक हिशेबनिसांकडे बघेचनात, ते पत्र्याकडे बघत राहिले.

त्यांनी नुकतंच कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं होतं, की माणसाला मोकळीक, शांतता आणि कौतुक मिळालं की नवं सुचतं. झालं. मला स्वतंत्र खोली, मऊ खुर्ची, खिडकीत झाडाची कुंडी. मला कुणी काम सांगायचं नाही, कुणी रागवायचं नाही, मी फक्त सुचवायचं. तेव्हापासून मी कुंडीकडे बघतोय आणि कुंडी माझ्याकडे. आत्या, कामच नाही, तर मी टाळू काय?

आता शनिवारपर्यंत दुसरं काही सुचलं नाही, तर हिशेबनिसांच्या आग्रहाखातर पत्रा निघणार आणि गाद्या पुन्हा सगळ्यांच्या पाठीवर येणार. माझे सोबती जेवताना माझ्याकडे इतक्या आशेने बघतात, की मी डबा उचलून कुंडीपाशी जाऊन जेवतो.

लहानपणी तू मला बाळाचा पाळणा हलवायला बसवायचीस, तेव्हा मी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायचो. तू आधी रागवायचीस, मग तोंड फिरवून हसायचीस. तुझ्यासारखं मला दुसऱ्या कुणी राबवलं नाही, आणि त्याची फार आठवण येते.

तुझा,
लाडका कामचुकार

ता. क. मिळेल त्या गाडीने निघून ये. माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बस आणि एकामागून एक कामं सांगत राहा. मालकांची परवानगी काढली आहे.

ता. क. आणखी एक. तुझ्या पत्रातलं अक्षर फिकट आहे, कारण ही कार्बनची खालची प्रत. वरची मावशीला गेली (नाव तेवढं दोन्हीकडे मागाहून घातलं). तुमचं दोघींचं पटत नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही दोघी एकाच खोलीत बसलात, तर सुटायची काहीतरी युक्ती मला शनिवारच्या आतच सुचेल.