घर मुलाला, विजेची जमा नाही

मी, खाली सही करणारी, मॅट्रिक शिकलेली, विधवा, घर सांभाळणारी बाई, देवाच्या कृपेने पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहीत आहे. दडपण आणायला माझ्या खोलीत कोणी फिरकतही नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात एकुलत्या एका मुलाला मिळावे. त्याच्या वडिलांची तशी इच्छा होती. माझी कोणी विचारली नाही.

२. उरलेल्या दोन बांगड्या आणि शिवणयंत्र सुनेने घ्यावे. तोंडाने ती फटकळ आहे, पण सासऱ्यांचे अंथरूण तिने नाक न मुरडता बदलले. यंत्राला तेल घालत राहावे. बाकीच्या बांगड्यांचे काय झाले ते पुढे येईल.

३. वीजजोडणी माझ्या नावावर असून त्या खात्यात बरीच रक्कम जास्तीची जमा आहे. मुलगा सारखा मागे लागतो की आई, मीटर माझ्या नावावर कर, म्हणजे जमा आपोआप माझ्याकडे वळेल. म्हणून ती साठली कशी, हे लिहिणे भाग आहे.

यजमानांना विजेवर चालणारे श्वासाचे यंत्र लागले. डॉक्टरांनी ते अखंड लावायला सांगितले होते. बिल थकून वीज तोडली तर माणूस हातचा जाईल, या धास्तीने मी बांगड्या मोडल्या आणि वर्षाचे पैसे वीज कचेरीत आगाऊ भरले. खिडकीवरचा कारकून हसला. म्हणाला, लोक मागूनही देत नाहीत, तुम्ही न मागता आणता.

तेव्हापासून बिलावर वर वापराची रक्कम यायची आणि खाली देय रक्कम शून्य. मुलगा ते बिल घेऊन वडिलांच्या खाटेशी उभा राहायचा आणि वरचा आकडा मोठ्याने वाचायचा. "बाबा, एवढ्यात माझ्या गाडीचा हप्ता निघतो," म्हणायचा. खालची ओळ त्याने कधी वाचली नाही. त्याच्या खिशातून एक बिल गेलेले नाही. मी यजमानांना सांगायचे की अहो, पैसे भरून झाले आहेत. ते मान हलवायचे. त्यांना वाटे, बिल पोरगाच भरतो आणि मी नुसती त्याला पाठीशी घालते आहे.

पुढे बिल घटू लागले. मीटर बिघडले असेल म्हणून मी वायरमनला बोलावले. तपासून झाल्यावर तो मला ओट्यापाशी घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "काकू, मीटर चोख आहे. तुम्ही देवदर्शनाला गेलात की काका यंत्र बंद करतात. पंखा दुरुस्त करायला आलो होतो तेव्हा मी पाहिलं. सांगू नकोस म्हणाले."

मी जाब विचारला तेव्हा यजमान एवढेच म्हणाले, "पोराच्या संसारावर माझ्या श्वासाचा बोजा कशाला?" त्याच थंडीत ते गेले.

ही जमा म्हणजे त्यांनी न घेतलेले श्वास आहेत. मुलाला त्यावर खोली गार करायची आहे.

४. सबब माझ्या मृत्यूनंतर ही जोडणी बंद करून जमा रक्कम परत घ्यावी. हे काम दोन्ही साक्षीदारांनी करावे. मुलाने नवी जोडणी स्वतःच्या पैशाने घ्यावी. ती मिळेपर्यंत लागतील म्हणून फडताळात मेणबत्त्या ठेवल्या आहेत. त्याही माझ्याच पैशाच्या आहेत.

५. मुलाला क्षमा करता यावी म्हणून मी रोज देवापुढे बसते. अजून जमलेले नाही. जमले तर पुरवणी जोडीन.

६. श्वासाचे यंत्र पुसून कपाटात ठेवले आहे. डॉक्टर सांगतील त्या गरजू आजाऱ्याला ते फुकट द्यावे आणि परत आलेली सर्व रक्कम त्याच्या घरच्या वीजबिलात आगाऊ भरावी. अट एकच. भरल्याची पावती घरच्यांकडे न देता आजाऱ्याच्या हातात द्यावी. त्याला वाचता येत नसेल तर वायरमनने खाटेशी बसून खालची ओळ वाचून दाखवावी, आणि यंत्र चालू असल्याची खात्री करूनच उठावे.

वरील मजकूर मी स्वतः दोनदा वाचला. खाडाखोड नाही.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: २ डिसेंबर

सही: मृत्युपत्र करणारी

आमच्या समक्ष सही केली:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. वायरमन (सही)