चौथ्या चित्रातलं फाटक

सिग्नेट, टास्मानिया
३ मे

चि. टेगन हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू पुन्हा विचारलंयस की आजी, ईमेल का करत नाहीस. अगं, कॉम्प्युटरवर लिहायला बसले की तो माझ्या शब्दांखाली लाल रेघा ओढत सुटतो. शाळेत मास्तरीणबाईंनी ओढल्या तेवढ्या पुरे झाल्या. त्या रेघांना कंटाळूनच तर मी शाळा सोडली आणि शेडमध्ये सफरचंदं कागदात गुंडाळायला लागले. पोस्टमन बिचारा रेघा ओढत नाही. शिवाय कॉम्प्युटर मी खेळायला घेतलाय, त्यात पत्रं कोंबून त्याला कशाला शिणवू?

परवा तो चित्रांत लपलेल्या वस्तू शोधायचा हवेलीचा खेळ संपवला एकदाचा. त्यातली माणसं मला कळत नाहीत बघ. भाची नाहीशी झाली, तर पोलिसांना बोलवायचं सोडून ती बाई फुटलेल्या पदकाचे तुकडे शोधत हिंडते. एक पियानोत, एक माशाच्या पोटात. कात्री पाहिजे तर ती झुंबराला लटकलेली. एवढी श्रीमंतांची हवेली, पण झाडू मारायची बुद्धी एकाला नाही. जमिनीवर छत्र्या काय, बेडूक काय, व्हायोलिनं काय! शेवटचं फुलपाखरू मात्र मला सापडेना. पडद्याच्या नक्षीत पडद्याच्याच रंगाचं होऊन बसलं होतं, लबाड. मदतीचं बटण कोपऱ्यात सारखं डोळा मारत होतं. त्याच्यावर मी जखमेला लावायची पट्टी चिकटवून टाकलीय. आमचा नियम तुला ठाऊक आहे ना? मंगळवारी हॉलवर आम्ही बायका खेळायला जमतो तेव्हा जिने मदत घेतली तिने सगळ्यांचे कप विसळायचे. शेजारची मर्ल आता त्यात पटाईत झालीय, कप विसळण्यात.

आता तुझ्या कामाचं. तू लिहितेस की तुझा साहेब ब्रेंट म्हणाला, टेगनचा खेळ आधी तिच्या आजीच्या मंडळातल्या बायकांना देऊन बघू, त्यांनी मधेच टाकला तर खेळ कायमचा बासनात. आणि तुला पबमधल्या जुगाराच्या यंत्रांवर चेरी नि सोन्याच्या विटा रंगवायला बसवणार. वाचून माझा चहा गार झाला. आमच्यातल्या नोएलीनचा दीर त्या यंत्रापुढे बसतो, त्याचं तोंड बघ एकदा. त्याच्यासाठी चेरी रंगवायला शिकलीस का तू चित्रं? पाठव तो खेळ इकडे. आम्ही हातातलं टाकणाऱ्यातल्या नाही. नोएलीनने जन्मभर शाळेची बस हाकली, तिला पोरं नाही टाकता आली वाटेत, खेळ काय टाकते!

बाकी सगळं ठीक. कोंबड्या अंडी देईनात, थंडी पडलीय. माया आहे तेवढी ठेव, वर चमचाभर घातलीस तर नको म्हणणार नाही.

तुझी आजी,
डल्सी


मेलबर्न
९ मे

ती. आजीला टेगनचा सा. न. वि. वि.

सोबतच्या पाकिटात खेळ आहे, तुझ्यासाठी, मर्लसाठी, नोएलीनसाठी आणि मंडळातल्या बाकीच्यांसाठी. प्रत्येकीने आपापल्या घरी खेळायचं. एकमेकींना विचारायचं नाही. आणि आजी, ही प्रत सगळं लक्षात ठेवते हं. तू चित्रात जिथे जिथे टिचकी मारशील तिथे आमच्याकडे लाल ठिपका उमटतो. उगाच सगळीकडे टिचक्या मारत सुटलीस तर पडद्यावरचा बाण गरगर फिरेल आणि थोडा वेळ रुसून बसेल.

गोष्ट तुमच्या खोऱ्यातली आहे. मधमाश्या पाळणारा एक म्हातारा नाहीसा होतो आणि शहरातली त्याची पुतणी त्याला शोधायला येते. तू विचारशीलच म्हणून सांगते, पोलीस आहेत, पण त्यांची गाडी चिखलात रुतलीय.

तीन वर्षं मी याच्यावर घातली. ब्रेंट माणूस वाईट नाही, पण त्याला आकडे दिसतात, चित्रं दिसत नाहीत. जूनच्या मध्यावर तो ठरवणार. तुला आवडलं नाही तर खोटं सांगू नको, पण जरा हळू सांग.

मर्लला म्हणावं कप फुटू देऊ नको. तुझ्या आशीर्वादावर माझा हक्क पहिला, हे कोंबड्यांना सांगून ठेव.

तुझी,
टेगन


सिग्नेट
२० मे

चि. टेगनला आजीचे आशीर्वाद आणि वर शाबासकी.

अगं पोरी, काय काढलंयस! दुसऱ्या चित्रातलं स्वयंपाकघर बघून मी उठून माझी किटली जागेवर आहे का पाहून आले. लाकडाच्या चुलीवरची ती काजळीसुद्धा तू सोडली नाहीस. नोएलीनला रुतलेली पोलिसांची गाडी एवढी आवडली की ती फोन करून नुसती हसतच राहिली, मग ठेवून दिला. मी तिला म्हटलं, नियम म्हणजे नियम, हसून खुणा करायच्या नाहीत.

आता सगळ्या चौथ्या चित्रात येऊन थांबलोय. काय आहे ते मी सांगत नाही, तूही सांगू नको. कोडं मोठं खट आहे. माझा बाण तर मर्लचा कुत्रा शेपटीमागे फिरतो तसा दिवसभर फिरतोय. रुसतो, मी चहा करते, येते, पुन्हा टिचक्या मारते, पुन्हा रुसतो. मंगळवारी हॉलवर सगळ्यांची तोंडं मिटलेली, पण चेहऱ्यांवरून कळत होतं की सगळ्याच तिथेच आहेत. मर्ल एवढंच म्हणाली की अशी डोक्याची पोर तिने पाहिली नाही. मी म्हटलं, माझ्यावर गेलीय.

पट्टी जागच्या जागी आहे. मदत घेणार नाही म्हणजे नाही. तू निश्चिंत राहा, आणि गळ्याला मफलर बांध.

प्रेमात काटकसर नको,
आजी


मेलबर्न
२७ मे

ती. आजीला नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग रडायचीच राहिले. ब्रेंटने काल सगळ्यांसमोर लाल ठिपक्यांचं चित्र लावलं. तिसऱ्या चित्रापर्यंत सगळ्या बायका सरळ आल्यात. चौथ्यात प्रत्येकीचे ठिपके एकाच ठिकाणी, कुरणाच्या फाटकावर. गोवर उठल्यासारखं ते फाटक लाल झालंय. तिथून पुढे एकही गेली नाही.

आजी, त्या फाटकात काहीच नाही गं. ती पुतणी कुरणात शिरते एवढं दाखवायला मी ते नुसतं उघडं काढलं. किल्ली पलीकडे मधाच्या पेटीखाली आहे. पेटीवर एक ठिपका नाही, किल्लीवर नाही. ब्रेंट म्हणतो, चित्र फसलं, बायकांना किल्ली दिसत नाही, त्या वाट्टेल तिथे टिचक्या मारतात आणि कंटाळून सोडतात. असा खेळ कोण विकत घेणार? चेरीचे नमुने माझ्या टेबलावर येऊन पडलेत. चकचकीत आहेत. त्यांच्याकडे बघवत नाही.

मला एकदाच खरं सांग. तुम्ही सगळ्या तिथे काय शोधत होता?

तुझा हात डोक्यावर असू दे, आज जरा जड ठेवलास तरी चालेल.

टेगन


सिग्नेट
२ जून

चि. टेगन हिला अनेक आशीर्वाद आणि कान धरून एक चिमटा.

अगं वेडाबाई, आम्ही शोधत नव्हतो काही. आम्ही ते फाटक लावत होतो!

किल्ली मला पहिल्याच झटक्यात दिसली होती. पेटीखाली चकाकतेय, आंधळ्यालाही दिसेल. पण ती बाई कुरणात शिरली आणि मागचं फाटक तिने सताड उघडं टाकलं. मागे गाई उभ्या आहेत, तूच रंगवल्यास, तपकिरी, ओल्या नाकाच्या. असं फाटक टाकून मी किल्ली घ्यायला कशी जाऊ? म्हणून आधी फाटक. लागेना. म्हटलं हेच कोडं असणार, पोरीने मुद्दाम घट्ट केलंय. तुझं पत्र आलं तसं मी नियम मोडला आणि मर्लला विचारलं. ती पण तेच करत होती. नोएलीन पण. हॉलवरच्या एकूण एक बायका आठवडाभर आपापल्या घरात ते फाटक लोटत बसल्या होत्या. एवढ्या हसलो की मर्लची कवळी निसटली.

तुझा दोष नाही. तू सुटीला यायचीस तेव्हा फाटक मागून मीच लावायचे, तू पुढे पळालेली असायचीस. इथे पोर चालायला लागलं की आधी तेच शिकतं, फाटक सापडलं तसं सोडायचं. लावलेलं होतं तर लावायचं. माझ्या लहानपणी गावात नवीन पाद्री आला, देवमाणूस, पण शहरातला. त्याने आमच्या बागेचं फाटक उघडं टाकलं. गाई आत शिरल्या आणि झाडाखाली पडून आंबलेली सफरचंदं खाऊन तर्र झाल्या. एक बसली ती उठेना, एक कुंपणाला टेकून हंबरत राहिली, आणि माझ्या बापाची लाडकी गाय पाद्र्याच्या मागे मागे थेट चर्चमध्ये. त्या रविवारी प्रवचनात तो पापावर बोलला, पण कुणाच्या ते त्याने सांगितलं नाही.

तर त्या साहेबाला सांग, बायकांना कंटाळा नाही आला, त्यांना शिस्त आहे. आणि त्या फाटकाला कडी काढ. नुसती नको, लागली की खट्‌कन वाजली पाहिजे. जी लावणार नाही तिच्या पुढच्या चित्रात गाईला सगळं खाऊन टाकू दे. चेरी उलट्या करून ठेव, टेबलावर जागा होईल.

डोक्यावर हात आहेच, दोन्ही ठेवलेत,
आजी


मेलबर्न
९ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

कडी काढली. खट्‌कन वाजते. आमच्या मागच्या अंगणाच्या दाराची कडी मी सकाळभर वाजवत बसले, आवाज धरून घ्यायला, शेजारी येऊन विचारून गेले की बरी आहेस ना. फाटक नाही लावलं तर पाचव्या चित्रात गाय नकाशा खाते. नवीन प्रती पाठवल्यात.

ब्रेंटला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो अकराव्या मजल्यावर वाढलाय. एवढा हसला, आणि म्हणाला की फाटकासाठी कुणी खेळ अडवून बसतं हे त्याला पटत नाही, मी चूक झाकायला आजीला पुढे करतेय. त्याची आई लॉन्सेस्टनला असते, तिच्याकडे जायचंच आहे तर वाट वाकडी करून तो शनिवारी हॉलवर येऊन बायकांना खेळताना स्वतः बघणार आहे. तिथेच ठरवणार, खेळ की चेरी.

आजी, पाया पडते, त्याला जास्त खायला घालू नको. कवळीचं काही सांगू नको. आणि गाईंना दारू चढल्याचं तर मुळीच नको, ते मी वाचताना गाळलं होतं.

माझं सगळं आता तुमच्या टिचक्यांवर. धीर पाठव, पोस्टाने पोचेल तेवढा.

टेगन


सिग्नेट
१६ जून

चि. टेगनला आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद.

बस आधी. बसलीस? काल तुझा साहेब आला.

आम्ही वाट बघतोय हॉलवर, आणि हा आला माझ्या घरी, पत्त्यावर तेच लिहिलं होतं म्हणे. अंगात पांढरे बूट. म्हणजे पायात. कानाला फोन लावून फाटकातून आत शिरला, दार ठोकलं, कुणी नाही म्हणून बोलत बोलतच परत गाडीत बसला आणि हॉलवर पोचला. नमस्कार चमत्कार झाले, मी लोणी-जॅम लावलेले गरम स्कोन पुढे केले, नोएलीनने मोठ्या पडद्यावर खेळ लावला. तोच मैदानावरून आरडाओरडा. शनिवारची फुटबॉलची मॅच चालली होती आणि मर्लच्या गाई, सध्या माझ्या कुरणात चरतात त्या, गोलच्या खांबांमध्ये उभ्या.

मर्लने साहेबाकडे वळून विचारलं की पोरा, तू डल्सीकडे गेला होतास का. हो म्हणाला. मग विचारलं, येताना फाटक लावलंस का. तो म्हणाला, कुठलं फाटक.

मग काय विचारतेस! सगळ्या मंडळाने एप्रनसकट धाव घेतली. साहेबाला नोएलीनने रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभं केलं आणि दम भरला की पळायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त रुंद व्हायचं. बिचारा रुंद झाला. मोठ्या तपकिरी गाईने त्याला नीट हुंगलं, मग त्याच्या टायची चव घेतली. पुढे तो शेणावर घसरला त्याचं वर्णन करत नाही, तुझा साहेब आहे. मॅच हरणाऱ्यांनी मात्र गाईंना टाळ्या वाजवल्या. शेवटच्या गाईला आत घालून मी कडी लावली तेव्हा तो चिखलात माखून कुंपणाला धरून उभा होता, आणि हसत होता. मला वाटलं होतं रागावेल.

माझ्या घरी चुलीपुढे बसवलं. तुझ्या आजोबांचे लोकरी मोजे घातले त्याच्या पायांत, बुटांची अंत्ययात्रा निघाली. स्कोन खाल्ले त्याने, किती ते विचारू नको. मग म्हणाला, लावा तो खेळ, मीच खेळतो. मी माझा कॉम्प्युटर त्याच्या पुढ्यात सरकवला. सगळ्या मागे उभ्या राहिलो. मर्लने तर तोंडात रुमाल कोंबला होता.

चौथं चित्र आलं. किल्ली चकाकतेय समोर. त्याचा बाण तिच्याकडे गेला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. वळला. फाटकावर गेला. खट्‌! आणि स्वतःशीच पुटपुटला, "हे आधी. किल्ली कुठे पळून जात नाही."

टेगन, त्याला स्वतःला कळलंच नाही काय बोलला ते. वर बघितलं तर आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघतोय. कानापर्यंत लाल झाला. मग मोज्यांकडे बघत म्हणाला की खेळ निघणार, तुझ्याच नावाने निघणार, आणि एक कडीसुद्धा कुणी बदलायची नाही. चेरी दुसऱ्या कुणीतरी रंगवाव्यात. नोएलीनने त्याला मिठी मारली तेव्हा तो जमिनीपासून वर उचलला गेला.

हे तुला तो स्वतः सांगणार आहे, पुढच्या आठवड्यात आईकडून परतला की. मला बजावून गेलाय की डल्सी, तुम्ही काही लिहायचं नाही. मी हो म्हटलेलं नाही. माझ्या तोंडात स्कोन होता. तो सांगेल तेव्हा तू चकित झाल्यासारखं कर, लहानपणी वाढदिवसाला करायचीस तसं.

मी पाचव्या चित्रात अडलेय. कुठे ते विचारू नको आणि मेले तरी सांगू नको. लोभ भरपूर असू दे, पण तो उत्तराच्या रूपाने पाठवलास तर आजी बोलणार नाही.

तुझी,
डल्सी