'उत्तर नाही'चा रकाना

१२ जानेवारी, सोमवार

एक कोडं, जे कोणत्याही वॉर्डात दिसतं आणि बहुतेक घरांतही. आजारी माणसाला विचारावं, 'दुखतंय का?' आणि उत्तर शेजारच्यानं द्यावं. आज बायकांच्या अस्थिवॉर्डात सहा खाटांपाशी विचारलं. चार उत्तरं शेजारच्या स्टुलावरून, नातेवाइकांकडून आली. उरलेल्या दोघींनी आधी स्टुलाकडे बघितलं, मग 'बरं हाय' म्हटलं.

याचसाठी तर वेदनापट्टी (यापुढे वे.प.) केली. बोलायला नकोच. पाच चेहरे, हसऱ्यापासून रडवेल्यापर्यंत, खाली एक ते पाच आकडे. रुग्णानं बोट ठेवायचं, परिचारिकेनं आकडा लिहायचा, चार किंवा पाच आला तर ठरलेल्या गोळ्यांवर जादा इंजेक्शन. त्याआधी परदेशी तक्ता होता, गोल टकल्या चेहऱ्यांचा. एका बाईनं विचारलं होतं, 'ही बोडकी कोण?' मग चित्रकलेच्या एका सरांना गाठलं, आईला समोर बसवलं. नऊवारी, डोक्यावर पदर, नथ, कपाळाला ठसठशीत कुंकू. पाचही चेहरे आईचे. प्रबंध त्यावरच झाला. इथल्या माणसांना आपला वाटेल असा चेहरा, ही त्यातली मुख्य कल्पना, आणि पंधरा वर्षांनंतरही ती नर्सिंगच्या वर्गात समजावताना माझा आवाज चढतो.

आज समितीचं पत्र आलं. परिचारिकांसाठीच्या राज्यस्तरीय हस्तपुस्तिकेत वे.प. घेणार. अंतिम प्रत सहीसह महिनाअखेर पाठवायची. आईला वाचून दाखवलं.

'म्हंजे माझं तोंड आता राज्यभर फिरणार म्हण की.'

गुडघे कसे आहेत विचारलं. 'बरं हाय.'

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी.

डब्यात बाजरीची भाकरी, वर तीळ. खायला चार वाजले.

कारण सुप्रिया. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, आजऱ्याची, काजू फोडावा तसं नेमकं बोलणारी. तिचा अभ्यास वे.प.च्या वापरावरच आहे. तिच्या तक्त्यात शेवटचा एक रकाना, 'उत्तर नाही'. तो मीच पूर्वी आखलेला.

'मॅडम, ह्यात सगळ्या म्हाताऱ्या बायकाच का?'

वयामुळे असेल, म्हटलं.

'म्हातारे बाप्ये मग का न्हाईत? त्यांचीबी पट्टी हाय की, फेट्याची. ते ठेवत्यात बोट.'

चांगला प्रश्न, एवढंच म्हटलं. चांगला प्रश्न आला की मला आनंद होतो; आज थोडा कमी झाला.

आजच्या रकान्यातली एक: आक्काताई, जयसिंगपूरकडच्या एका गावातून आलेल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया चार दिवसांपूर्वी. वॉकर धरून उभं राहायला हवं होतं, राहत नाहीत. कूसही बदलत नाहीत. असंच चाललं तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल. पट्टी समोर धरली की बघतात, हात पदराखाली घेतात. आकडा नाही, म्हणून जादा इंजेक्शन नाही. वॉर्डच्या मुख्य सिस्टर नियमाच्या पक्क्या: 'मॅडम, नियम तुमचाच हाय.'

पद्धतीनं जायचं. पहिली शक्यता दृष्टीची. आक्काताईंना समोरच्या भिंतीवरचं घड्याळ विचारलं.

'पावणेतीन. पर पाच मिन्टं म्होरं हाय ते.'

होतंही. दृष्टी बाद.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

दुसरी शक्यता: चढता क्रम कळत नसावा. जेवणाच्या ट्रॉलीवरच्या पाच वाट्या उलटसुलट ठेवल्या, लहान ते मोठी लावा म्हटलं. आक्काताईंनी झोपल्या झोपल्या लावल्या, आणि वर, 'आता ह्यात काय वाढणार हायसा का नुसतंच खेळवायलायसा?' सगळा वॉर्ड हसला. त्याही हसल्या, मग ओठ आवळून खुब्याकडे हात नेला. हे मी बघितलं. वे.प.ला ते लिहायला जागा नाही.

आकलनही बाद.

संध्याकाळी इमारतीतल्या बायका हळदी-कुंकवाला आल्या. वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या. आई आतल्या खोलीत गेली, 'मालिका बघायची हाय.' तिळगूळ नंतर आत नेऊन दिला. टीव्ही बंद होता.

१५ जानेवारी, गुरुवार

तिसरी शक्यता, माझी आवडती: स्टूल. म्हणजे शेजारी कोण आहे, यावर उत्तर ठरतं. आक्काताईंची सून प्रेमळ आहे, पण प्रश्न पुरा व्हायच्या आत बोलते: 'आमच्या आत्तींस्नी न्हाय दुखत. लई घट्ट हायत.' सून चहाला गेल्यावर सुप्रियानं पडदा ओढला आणि पट्टी धरली. वे.प.तली उणीव सापडली, आता एक ओळ वाढवायची, 'नातेवाईक दूर असताना विचारावे', असं मी मनात लिहूनही टाकलं होतं.

हात पदराखाली. उत्तर नाही.

हा अंदाजही गेला. आज ताप चढला त्यांना. छातीत घरघर, डॉक्टरांनी तपासलं. उद्या उभं करायलाच हवं.

१६ जानेवारी, शुक्रवार

नीट लिहिते. घडलं त्याच क्रमानं.

सकाळी दहा. आक्काताईंची खाट, सून, मुख्य सिस्टर, सुप्रिया, मी. सुप्रिया थेट म्हणाली, 'आक्का, तुमी रागावला असला तर रागवा, पर मी इचारतो. बोट का ठेवंनासा?'

आक्काताई माझ्याकडे बघून: 'मॅडम, ही सवाष्ण हाय.'

कोण?

'ही, कागदावरची. पाचीबी. ह्यात मी कुटं हाय? माझं मालक जाऊन सतरा वर्सं झाली. मी तिच्या कपाळावर बोट ठिवू? तिचं कशाला वाईट व्हावं माझ्या हातानं?'

मी म्हणाले, अहो, ते चित्र आहे, कागद आहे.

'कागदावरच्या देवाला हात जोडतासाच की.'

सून पुढे झाली. 'आत्ती, आता तसलं काय ऱ्हायलंय व्हय! आपल्या तिकडं विधवा प्रथा बंदीचं ठराव झाल्यात, ग्रामपंचायतीत.'

'झाल्यात की. मीच हात वर केलता. ठराव भिंतीवर लावलाय. मनात कुटं लावायचा ते सांग.'

त्यांना पाचही चेहरे ओळखता येत होते. आठवडाभर त्या बाईला जपत होत्या, स्वतःचं दुखणं गिळून. आणि आम्ही लिहीत होतो: उत्तर नाही.

मुख्य सिस्टर हळूच, 'मॅडम, पर आकडा काय लिहू?' सुप्रिया टेबलावरचा व्हाइटनर घेऊन आली. 'कुंकू पुसून टाकू, मग ठेवतील बोट.' तिनं बाटली सिस्टरकडे दिली. सिस्टर मागे सरकल्या, 'मी न्हाई बाई.' सुनेनं मान फिरवली. मग बाटली माझ्याकडे. मी टोपण उघडलं. आईचा चेहरा, पहिला, हसरा. बाबा तेव्हा होते; चित्र काढताना ते दारात उभे राहून तिला हसवत होते. ब्रश कपाळापर्यंत नेला. टेकवला नाही.

आक्काताई बघत होत्या. 'पुसू नगासा. तुमच्यानंबी हुईत न्हाई बगा.'

मग सुप्रियाला, 'पोरी, हिकडं ये. हात दे.' तिचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि दाबलं. सुप्रियाचा चेहरा बदलत गेला. खांदा वर आला. 'आई गं!'

'एवढं,' आक्काताई म्हणाल्या. 'आठ दिस झालं एवढं.'

सिस्टरनी पाच लिहिला. कोणालाही न विचारता.

१७ जानेवारी, शनिवार

इंजेक्शनं चालू. दुपारी वॉकर धरून उभ्या राहिल्या. खाटेपासून खिडकीपर्यंत गेल्या, तिथून रस्ता बघत म्हणाल्या, 'ऊस लई चाललाय.' ताप उतरलेला. सुप्रियाच्या मनगटावर चार बोटं उमटली आहेत. ती सगळ्यांना दाखवत हिंडते.

१८ जानेवारी, रविवार

कपाटातून प्रबंध काढला. पद्धतीचं प्रकरण, तळाची ओळ: 'आकलनाच्या मर्यादेमुळे उत्तर देऊ न शकलेल्या स्त्रियांना विश्लेषणातून वगळले आहे.'

माझंच वाक्य. सुबक आहे. परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नव्हता.

आकलनाची मर्यादा होती. कोणाची, ते चुकीचं लिहिलं.

त्या बायकांचे जुने तक्ते अजून आहेत. त्यात नाव, वय, गाव, शिक्षण, सगळं विचारलंय. नवरा हयात आहे का, हा रकाना नाही. त्यामुळे किती जणी, हे आता कधीच कळणार नाही. त्यांना इंजेक्शन मिळालं का, हेही.

२२ जानेवारी, गुरुवार

आक्काताई घरी गेल्या. जाताना मला, 'पावणं, आमच्याकडं या एकदा. पट्टी आणू नगासा.'

प्राचार्य मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांचा उपाय: 'दोन पट्ट्या करा. एक कुंकवाची, एक बिनकुंकवाची. पुस्तिका थांबवू नका. महाविद्यालयाचं नाव येतंय, आणि तुम्हाला निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत.'

उपाय वरवर सोपा आहे. पण कोणती पट्टी काढायची हे ठरवायला परिचारिका आधी काय करेल? रुग्णाच्या कपाळाकडे बघेल. दुखणं विचारण्याआधी नवरा विचारेल. नको.

मग टकला चेहरा परत? त्याला कोणी आपला मानत नव्हतं. हे खरंच अवघड आहे. गेल्या कित्येक वर्षांत इतकं अवघड आणि इतकं चांगलं काही हाती आलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर सुप्रियाशी दोन तास. हाताच्या दाबाबद्दल. ती म्हणते, हेच नवं साधन. मी तिला अडवते, तिच्याच भल्यासाठी. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांचं काय? ज्यांच्या हातात जोरच उरला नाही? दाब हलका म्हणजे दुखणं हलकं का? परपुरुष रुग्ण असेल तर परिचारिकेनं मनगट द्यावं का? आणि प्रत्येक परिचारिकेचं मनगट सारखं कसं?

'मॅडम, तुमी पट्टीला एवढं प्रश्न इचारलं असतंसा तर?'

बरोबर आहे तिचं. मग दोघींनी प्रश्नांची यादी केली. पान भरलं.

३० जानेवारी, शुक्रवार

समितीला पत्र टाकलं. चौथा मसुदा. शेवटी असा: वे.प. सध्याच्या रूपात छापू नये. प्रबंधातील सदर वाक्य चुकीचे असून ती चूक माझी आहे. कारणे सोबत. पर्यायी साधन आज तयार नाही.

शेवटचं वाक्य प्राचार्य मॅडमना गाळायचं होतं. गाळलं नाही. त्या आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी बसल्या नाहीत.

पोस्टातली बाई म्हणाली, सोमवारी पोचेल. समिती काय करेल, कोणास ठाऊक. न वाचता छापूही शकतील. जुनी प्रत त्यांच्याकडे आहेच.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आई गॅलरीत उन्हाला बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिचं तोंड राज्यभर फिरणार नाही, हेही. तिनं पट्टी मागितली. चष्मा लावून पाचही चेहरे बघितले. बोट कशावरच ठेवलं नाही. कागद कडेला, पांढऱ्या जागेत धरला होता. मी आता असल्या गोष्टी बघते.

'ह्यांनीच हसवलं होतं तवा,' एवढंच म्हणाली.

गुडघे कसे आहेत?

'बरं हाय.'

मनगट पुढे केलं. जेवढं दुखतं तेवढं दाब, म्हटलं.

'आता हे काय नवीन काढलंस?' मग हात धरला, पण दाबला नाही. नुसता धरून बसली. 'जोरात दाबू? लागंल की तुला.'

लागू दे.

दाबलं तिनं. आकडा लिहिणार नाही; अजून आकडे ठरलेले नाहीत. उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

उद्याच्या वर्गासाठी, घरी करून बघायची चाचणी: घरातल्या, नेहमी 'बरं हाय' म्हणणाऱ्या एका माणसाजवळ बसावं. स्टुलावर दुसरं कोणी नको. आधी शब्दांनी विचारावं आणि उत्तर लिहावं. मग आपलं मनगट त्यांच्या हातात द्यावं, जेवढं दुखतं तेवढं दाबा म्हणावं आणि घाई करू नये. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहावीत. तिसरा रकाना आखू नये.