चंपाच्या दाराची कडी

तथागतांना वंदन करून, मी श्रीमती कांता राजाराम रामटेके, वय वर्षे शहात्तर, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घर सांभाळणे, राहणार पार्सिपनी, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. कोणाचा धाक नाही, बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्या संग्रहाची यादी घेऊन समोर बसावे. तीनशे अकरा वस्तूंपैकी कोणती कुठे आहे, ते मी डोळे मिटून सांगते.

१. राहता कोंडो आणि बँकेतली शिल्लक मुलगा नकुल व मुलगी सुनेत्रा यांना निम्मी निम्मी. यात भांडण्यासारखे काही नाही. भांडण पुढे आहे.

२. माझा संग्रह आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान कापून झाले की गावोगाव रात्रभर चालतात, ती नाटके. हस्तलिखित वह्या, छापील पुस्तके, जाहिराती, तिकिटे, दोन मुकुट, मिशांची एक डबी, पितळी घंटा. माझे वडील प्रॉम्प्टर होते, पडद्याआड बसून नटांना वाक्ये पुरवीत. त्यांचा फोटोसुद्धा उरला नाही, म्हणून मी हे जमवत गेले. माझे यजमान एकदाही नको म्हणाले नाहीत. नागपूरहून येताना बॅगेतून माझ्या साड्या काढून जाहिराती भरल्या, त्या त्यांनीच. विमानतळावर मिशांच्या डबीवरून अडवले, तेव्हा त्यांनी एक मिशी लावून दाखवली. तो साहेब इतका हसला की पुढच्या बॅगा न उघडताच जा म्हणाला.

३. हा संग्रह ॲन आर्बरला सुनेत्राकडे जावा. ती स्कॅन करणार, हातमोजे घालून पाने उलटणार. जरूर उलटावी. पण किराण्याच्या कागदी पिशव्यांची मी घातलेली कव्हरे आणि वेखंडाच्या पुरचुंड्या काढू नयेत, त्यांच्यामुळे आजवर एका वहीला कसर लागलेली नाही. घंटा वर्षातून एकदा वाजलीच पाहिजे, आणि ज्याला मिशी लावावीशी वाटेल त्याला ती लावू द्यावी.

४. मुकुटांपैकी मोठा नकुलला. आमच्या इथल्या मंडळाच्या नाटकात त्याने तो घातला आणि एक मणी हरवून आणला. मणी शोधल्यावरच मुकुट मिळेल.

५. आता "चंपाच्या दाराची कडी". हे तीन अंकी नाटक मी नऊ वर्षांची असताना पाहिले. वडील पडद्याआड होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दारावर थाप पडते, चंपा कडीवर हात ठेवते आणि पडदा. तिसऱ्या अंकाला मी आईच्या मांडीवर झोपले. सकाळी घरी परतताना बैलबंडीत वडिलांना विचारले, तर म्हणाले, "पुढच्या साली जागी राह्य." पुढच्या साली ते नाटक लागले नाही, त्यापुढच्या साली वडील राहिले नाहीत.

२०१० च्या बुद्ध जयंतीला मंडळातले प्रफुल्ल मेश्राम घर आवरताना निघालेली ट्रंक कार्यक्रमाच्या हॉलवर घेऊन आले. तीत या नाटकाची हाताने लिहिलेली वही होती. मी धरली, त्याच क्षणी पलीकडून उपासना खोब्रागडेने धरली. ती नागपूरची, निवृत्त नर्स, आणि तिलाही माझ्यासारखेच हे वेड. दोघींनी ओढली आणि शिवणीचा दोरा तुटला. पहिले दोन अंक माझ्या हातात, तिसरा तिच्या.

मी म्हटले, मोठी म्हणून मला दे. ती म्हणाली, धाकटी म्हणून मला द्या. झेरॉक्सचे नाव दोघींनी काढले नाही, कारण झेरॉक्स मागेल ती हरली. चंपाने दार उघडले की नाही, ते तिला माहीत. दाराबाहेर कोण उभा आहे, ते मला माहीत. चौदा वर्षे दर कार्यक्रमात ती खीर वाढताना वाकून विचारते, "ताई, बाहेर कोण आहे वो?" मी विचारते, "कडी काढली का?" आणि खीर थंड होते.

तरी वही तुटकी राहू नये. म्हणून माझ्यामागे माझे दोन अंक उपासनाला द्यावेत. शेवट न कळता गेले तरी माझी तक्रार नाही.

६. दुरुस्ती. वरचे कलम रद्द. चार पाने लिहून झाली आहेत, ती टाकून कागद वाया घालवणार नाही, म्हणून इथेच लिहिते.

आज उपासना आणि प्रफुल्लजी साक्षीला आले. वकील संजीव यांनी सगळे वाचून दाखवले आणि म्हणाले, "काकू, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार नसलेलं बरं. दुसरं कोणी बोलवा." पाचवे कलम उपासनाने तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. ती उठली, चपला न घालताच पलीकडच्या इमारतीत आपल्या घरी गेली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तिसरा अंक आणून माझ्यापुढे ठेवला.

"मला काही नको, ताई. सही करू द्या. मरायची वाट कोण पाहत बसेल?"

प्रफुल्लजी म्हणाले, तेव्हाच एकीला दिली असती तर आम्हाला खीर गरम मिळाली असती.

तर आता वही अखंड. मी ती नव्या दोऱ्याने शिवीन आणि ती संग्रहाबरोबर सुनेत्राकडे जाईल. त्याआधी येत्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात हे नाटक होईल. चंपाचे काम उपासना करील. मी पडद्याआड बसून वाक्ये पुरवीन. तोवर मी नसले, तर पडद्याआड सुनेत्राने बसावे.

सही घाईची वाटली तर कोणी शंका घेऊ नये. तिसरा अंक समोर टेबलावर आहे.

कांता राजाराम रामटेके
पार्सिपनी, शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार:

प्रफुल्ल मेश्राम. सही माझ्यासमोर झाली. ट्रंक माझी होती.

उपासना खोब्रागडे. सही माझ्यासमोर झाली. ताई पूर्ण शुद्धीत आहेत. बाहेर कोण उभा आहे ते कळेपर्यंत मी घरी जाणार नाही.