विहिरीला कुलूप

सोमवार, दि. २ एप्रिल १९७३. मुक्काम बोरदरा, ता. पाथर्डी.

सकाळी साडेसातची एस. टी. नगरहून वेळेवर सुटली, ही नव्या नोकरीची शुभ सुरुवात मानावयास हरकत नाही. पाथर्डीपासून खडीच्या ट्रकमधून सात मैल व शेवटचे दोन मैल पायी आलो. सव्वीस वर्षे एकाच पेढीच्या कचेरीत बसलेल्या त्रेपन्न वर्षांच्या बी. कॉम. मनुष्यास एवढी चाल झेपते, हे पाहून माझे मलाच कौतुक वाटले.

टंचाई कचेरीने नेमून दिलेले काम सोपे आहे. गावात पाण्याची एकच विहीर उरली आहे. सकाळी व संध्याकाळी सहा वाजता तिच्यातील पाण्याची खोली मोजून नोंदवावयाची आणि पाऊस पडेपर्यंत ते साठ घरांस पुरेल असे पाहावयाचे. मोजणीसाठी खुणा केलेली दोरी व तिच्या टोकाला पितळी ओळंबा मी स्वतः तयार करून आणला आहे.

राहण्यास ग्रामपंचायतीची खोली मिळाली. विहिरीपासून बरोबर चाळीस पावले. भाकरीची व्यवस्था रंगुबाई नावाच्या वृद्ध विधवेकडे आहे. असल्या दिवसांत त्यांनी माझे पाय धुण्यास तांब्याभर पाणी दिले, तेव्हा मला संकोच झाला. माझ्या डाव्या पायास करंगळी नाही (सायकलची साखळी, १९३८), हे त्यांनी तत्काळ हेरले. म्हणाल्या, "सायेब, तुमचा पाय धुळीत कुठं बी वळखू यील." पोलीस पाटील कानिफनाथ मोठ्याने हसले. मंडळी मनमोकळी आहेत.

गुरुवार, दि. ५ एप्रिल.

पाण्याची खोली नऊ फूट चार इंच. तीन दिवस हाच आकडा. दिवसभरात चार इंच पाणी उपसले जाते आणि सकाळपर्यंत झरा तेवढे भरून काढतो.

मला चकित करणारी बाब निराळीच आहे. घरटी दोन हंडे हा नियम. पण त्यावर देखरेख कोणाचीही नाही. पोहरा दोरीसकट काठावर पडलेला असतो. जो तो दोन हंडे भरतो, विहिरीत वाकून "भागलं" असे म्हणतो आणि जातो. लहान मूलसुद्धा ते म्हटल्यावाचून पाठ फिरवीत नाही. गहिनीनाथ या तरुणाची बायको मालनबाई बाळंतीण आहे. तिला तिसरा हंडा लागतो. तो असा भरतो की प्रत्येक बाई आपल्या वाट्यातले ओंजळभर पाणी तिच्या हंड्यात ओतून पुढे जाते. कोणी सांगत नाही, कोणी पाहत नाही.

मनुष्य स्वभावतः अप्रामाणिक असून प्रामाणिकपणा हा केवळ देखरेखीचा परिणाम होय, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. तेव्हा येथे एक तर माझे मत चुकले आहे, किंवा चोरी अद्याप माझ्या नजरेस पडलेली नाही. पहिली शक्यता मला संभवनीय वाटत नाही.

सोमवार, दि. ९ एप्रिल.

विहिरीवर लोखंडी जाळी व कुलूप बसविण्यास मी मागितलेली कचेरीची परवानगी आली. पाटलांनी खाली पाहून "बरं रावसायेब" एवढेच म्हटले. गहिनीनाथाने विचारले की पानी आमचं, चोर कंच्या गावचा? लोक हसले. मला तो प्रश्न उर्मट वाटला.

रंगुबाई मात्र हसल्या नाहीत. भाकरी वाढताना म्हणाल्या की त्यांच्या आजेसासऱ्याच्या काळी एकदा विहिरीला कुलूप लागले होते. पुढे काय झाले, ते सांगेनात. फार विचारले तेव्हा म्हणाल्या, "कुलपाला चोर लागतो, सायेब. नसला तर ते करून घेतं."

शनिवार, दि. १४ एप्रिल.

लोहार येऊन जाळी बसवून गेला. कुलूप सात लिव्हरचे, अलीगढचे. किल्ली एकच, ती जानव्याला बांधली आहे. यापुढे सकाळी सहा ते नऊ विहीर उघडी राहील व मी समक्ष हजर असेन.

खोली, संध्याकाळी सहा वाजता, नऊ फूट. सकाळी नऊ फूट चार इंच अपेक्षित.

रविवार, दि. १५ एप्रिल.

नऊ फूट दोन इंच. चष्मा पुसून दोरी पुन्हा सोडून पाहिली. दोन इंच कमी.

कुलूप शाबूत. जाळीवर ओरखडा नाही. म्हणजे चोर होताच. माझे मत खरे ठरले, याचे समाधान झाले हे नाकारीत नाही.

शनिवार, दि. २१ एप्रिल.

रोज दोन इंच. आज सकाळी आठ फूट दोन इंच. मी सर्वांसमक्ष आकडा वाचून दाखविला. बाया एकमेकींच्या हंड्यांकडे पाहू लागल्या. आज "भागलं" कोणीच म्हटले नाही. मालनबाईचा तिसरा हंडा रिकामा राहिला. तिने कडूबाई नावाच्या शेजारणीपुढे हंडा धरला, तर कडूबाई म्हणाली, "आदी तुझ्या घरचा रांजन दाव, मंग माग." आठवड्यापूर्वी हीच बाई सर्वांच्या आधी ओंजळ ओतीत असे.

पाटलांनी एकान्तात विचारले, संशय कोणावर? गहिनीनाथाचे घर विहिरीला सर्वांत जवळ आहे आणि त्याची गरज सर्वांत मोठी आहे, असे मी म्हणालो. हे तर्काला धरून आहे.

मला अलीकडे तहान फार लागते.

गुरुवार, दि. २६ एप्रिल.

माझ्या खोलीतील रांजण काठोकाठ भरलेला आहे. माझा वाटा एक हंडा. रंगुबाईंचे सौजन्य असावे, असे वाटून आभार मानले. त्या म्हणाल्या की बारा दिवसांत त्यांनी त्या रांजणाला हातही लावलेला नाही.

शुक्रवार, दि. २७ एप्रिल.

सकाळी विहिरीपासून ओल्या पावलांची ओळ होती. उघड्या पायांची. लोक जमण्यापूर्वी मी ती पाहिली. चाळीस पावले. मोजली.

डाव्या पायास करंगळी नाही.

केरसुणीने पुसून टाकली. हे का केले, याचा खुलासा मला करता येत नाही. मला काहीही आठवत नाही. जानवे ओले होते.

मंगळवार, दि. १ मे.

पाच फूट आठ इंच. तूट आता दोन इंचांवर थांबत नाही, रोज वाढते आहे. शांतपणे विचार केला. झोपेत चालण्याचा विकार असू शकतो. तो अपराध नव्हे. मात्र हिशेब जुळत नाही. चोरीला जाते त्याचा चौथा हिस्साही रांजणात मावणार नाही. बाकीचे कोठे जाते? मी घागर तोंडाला लावतो ती रिकामी होईपर्यंत खाली ठेवीत नाही. ते धरूनही एवढे भरत नाही.

उद्या चावडीवर गाव बसणार आहे. गहिनीनाथाचा निकाल. मी खरे काय ते सांगेन. ठरले.

बुधवार, दि. २ मे.

सांगितले नाही.

सर्वजण माझ्याकडे पाहत होते. गहिनीनाथाने लेकरावर हात ठेवून शपथ घेतली. रंगुबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या पायांकडे पाहिले. मी पाय धोतराखाली ओढून घेतले. पाटलांनी विचारले, "रावसायेब, तुमीच सांगा. दुसरा कोन असंल?" मी म्हणालो की पुरावा याच्याकडेच बोट दाखवितो. माझा आवाज स्थिर होता.

त्यांना गावाबाहेर काढण्याचे ठरले. माणसे वाईट नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी नव्हती.

गुरुवार, दि. ३ मे.

भर दुपारी गेले. मालनबाईच्या डोक्यावर रिकामा हंडा, पदराखाली मूल. पाणी कोणी दिले नाही. रंगुबाई आपला तांब्या घेऊन निघाल्या, तर कडूबाईने तो हातातून हिसकावून घेतला. धुळीत सांडले. तेवढे पाणी.

माझा रांजण भरलेला होता. चाळीस पावलांवर. मी दार लावून घेतले.

शनिवार, दि. ५ मे.

मूल पाथर्डीच्या वाटेवर दगावले. ट्रकवाल्याने निरोप आणला. आईबाप दवाखान्यात आहेत.

गावात आता प्रत्येक दाराला कुलूप आहे. खोली — तीन फूट —

सोमवार, दि. ७ मे.

किल्ली रंगुबाईंपुढे ठेवली. सर्व सांगितले. म्हणालो, मला कोंडा, विहीर उघडा. त्यांनी किल्लीला हात लावला नाही. म्हणाल्या, "आता न्हाई जमायचं. चावडीत बोलला असता तर सुटला असता. आता ती तुमच्या अंगची हाय."

जानवे तोडले. किल्ली माळावर फेकली. दूर.

मंगळवार, ८ मे.

किल्ली गळ्यात आहे. ओली.

या वहीत पुढच्या पानावर उद्याची नोंद आधीच लिहिलेली आहे. अक्षर माझे. तारीख, वेळ, आणि खोली — नऊ फूट चार इंच.

ते शक्य नाही. आज एक फूटही —

बुधवार, ९ मे. दुपार.

दार बाहेरून लावून घेतले. रंगुबाईंनी कडी घातली. ऐकली. भर दिवस आहे. मी जागा आहे. खाटेवर बसलो आहे हे लिहून ठेवतो —

पाय गार पडले.

खाट नाही. भिंत हाताला वाटोळी लागते. शेवाळ. वर पाहिले तर छप्पर नाही, एक वाटोळे आकाश, त्यावर गज —

कोणी तरी वाकले आहे. धोतर नीटनेटके. चष्मा. कुलूप ओढून पाहतो आहे, मी पाहतो तसा, दोनदा —

हाक मारली. त्याने ऐकले. ऐकून गप्प राहिला, चावडीत मी जसा —

पाणी चढते आहे. सगळे परत येते आहे. छाती. वही वर धरली आहे —

म्हणायचे आहे, ते जे सगळे विहिरीत वाकून म्हणत, एकच शब्द. तहान म्हणू देत नाही —

दोरी खाली येते आहे. ओळंबा कपाळाला टेकला. वर तो आकडा वाचतो आहे. आवाज स्थिर. माझाच. नऊ फूट चा —