खंडेनवमीला उघडलेलं मागचं चाक

१३ ऑक्टोबर १९७२, नगर
बेलापूरची सभा दणक्यात. घसा बसला. परतताना ब्रेक दाबला की गाडीच्या मागून खर्रर्र. गुलाबला म्हटलं. आमचा ड्रायव्हर जन्माचा आशावादी. "ताई, पुढचे ब्रेक नवे हायत. गाडी थांबती ना? मागचं कोन बघतंय?" आपल्या राज्यकारभाराचं सूत्र एका वाक्यात! भाषणात घ्यायचं.

१४ ऑक्टोबर
खर्ड्याहून, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या चंद्रभागाबाईंचा निरोप. तिथल्या बायकांना गावापासून लांब, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला धाडायचं घाटतंय. लेकरं घेऊन तिथेच पालात राहायचं. गावाशेजारी पाझर तलावाची जागा आखून पडली आहे, तिचं नाव कुणी काढत नाही. दसऱ्याला कामाला सुट्टी, म्हणून दुपारी तिथले पुढारी, आमचे विरोधक बापूसाहेब यांनी गाव बोलावलाय. लांबच्या कामाला हात वर करून घेणार. एकदा हात वर झाले की संपलं. मी तिथे हवीच.

१५ ऑक्टोबर
बापूसाहेब स्वतः दारात. जाकीट, अत्तर. "ताई, तुमची अँबॅसिडर म्हातारी झाली. माझी जीप जातेच आहे खर्ड्याला. चला की बरोबर. राजकारण वेगळं, माणुसकी वेगळी." चहा दिला, नकार दिला. त्यांच्या जीपमधून उतरताना गावाने पाहिलं की मला भाषण करायचं कारणच उरणार नाही. जाता जाता हसून म्हणाले, "मग उतारावर जपा हं."
खर्ड्याच्या अलीकडचा उतार. तो आवाज डोक्यातून जाईना.

१६ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळीच नागापूरला, रंगनाथ मिस्त्रींच्या गॅरेजवर. जमीन सारवलेली, पाने-हातोड्या चौरंगावर, हळदकुंकू, झेंडू. मिस्त्री म्हणाले, "ताई, आज हत्यार उचलत नाहीत. परवा आणा."
परवा!
सुरू केलं. श्रमाची प्रतिष्ठा, विज्ञानयुग, माणसाचा जीव मोठा की लोखंडाचा पाना. उत्तम बोलले. मिस्त्रींची आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. "लई ग्वाड बोलती बाई. पर हत्यारं निजल्यात. वर्सातनं येकदा निजत्यात बिचारी. तुज्या व्याख्यानानं उठायची न्हाईत." साफ आडवी झाले. हजारोंच्या सभेत असं कुणी पाडलं नव्हतं.
मग गुलाबला विचारलं, आपल्या गाडीची हत्यारं कुठे? मान खाली. डिकीत, गोणपाटात. पूजेला मांडायची विसरला होता. म्हातारी खवळली, "आरं, गाडीवर पोट भरतूस अन् जॅकला फूल न्हाई?" मी तो धागा धरला. आजी, जे पुजलंच नाही ते निजलं कसं?
म्हातारीने चौरंगाकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं. मग बोळकं उघडून हसली. "व्हय की गं. ती जागीच हायती. पर माजा रंगनाथ शिवायचा न्हाई. तुजं तू बघ."
बघितलं! पदर खोचला. पुढच्या चाकांना धोंडे लावले, हँडब्रेक सोडला, मागचं डावं चाक वर. मिस्त्री हात पाठीशी बांधून तोंडाने काम सांगत होते. चाक काढलं. ड्रम निघेना. कडेने ठोकत ठोकत सुटला तेव्हा काळी भुकटी तोंडावर. आत ब्रेक-शूचं लायनर झिजून रिबिटं उघडी, ड्रमला आतून चरे. गुलाबने वाकून चऱ्यांवरून बोट फिरवलं. "ताई, ह्ये... लोखंडावर लोखंड घासत हुतं." उजवीकडचं लायनर जरा बरं, तरी दोन्हीकडचे शू नवे आणून बसवले. शेवटची स्प्रिंग पकडीतून तीनदा निसटली. चौथ्यांदा बसली तेव्हा मी ओरडले. सभेत ओरडते तशी.
नखं काळी. राहू देत.

१७ ऑक्टोबर, दसरा
उतारावर गाडी मांजरीसारखी उतरली. खर्रर्र नाही, काही नाही.
बापूसाहेबांचं भाषण सुरू होतं. मला पाहून एक वाक्य चुकले. मग मी. हात वर करून काळी नखंच दाखवली. म्हटलं, पुढची चाकं सगळे तपासतात, मंत्री येतात तेव्हा तीच दिसतात. झिजतात मागची. आज मागची उघडून बघू. बायका पुढे सरकल्या. चंद्रभागाबाई मध्येच उठल्या, "लांबचं काम गोड हाय तर बापूसाहेबांनी आदी सोताची सून धाडावी!" हशा. हशा थांबेचना.
लांबचं काम मान्य असलेल्यांनी हात वर करा, असं पुकारलं गेलं. एकच हात. जीपच्या ड्रायव्हरचा. चंद्रभागाबाईंनी नुसतं बघितलं, तो डोकं खाजवू लागला.
जिंकलो!! निघताना पदरात आपट्याची पानं मावेनात.

१९ ऑक्टोबर, नगर
तलावाच्या मागणीवर तालुक्याहून निरोप. तहसीलदार साहेब सोमवारी जागा पाहायला येणार. पाहणार म्हणजे देणार नव्हे, हे कळतं. आवाज अजून घोगरा.
चंद्रभागाबाईंनी विचारून पाठवलंय, "सायेब न्हाई म्हनला तर?" याचं उत्तर माझ्या भाषणात नव्हतं. त्यांच्याकडे होतं. सोमवारी सगळ्या बायका टोपल्या-कुदळी घेऊन त्या जागेवर खणायला उभ्या राहणार, साहेब यायच्या आधी. हुकूम निघाला तर हजेरी लागेल. नाही निघाला तर खड्डा तरी पडलेला असेल.
मी कळवलं, माझ्यासाठी एक कुदळ ठेवा.